गेमचं लॉगिन अडलं, सर्व्हर सापडेना: बिघाड कुठे आहे ते शोधायची रीत

गेम अडला की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. राउटर बंद-चालू, मग फोन बंद-चालू, मग वैतागून गेम अनइन्स्टॉल. साठ-सत्तर जीबी पुन्हा उतरवून झाले की स्क्रीनवर तीच एरर. यातलं अनइन्स्टॉल जवळपास नेहमी फुकट जातं, कारण लॉगिनची किंवा कनेक्शनची एरर येते तेव्हा गेमच्या फायली बहुधा धडधाकटच असतात. तुमचं खातं, तुमचं यंत्र, घरचं वायफाय, नेट कंपनी, वाटेतल्या केबल आणि गेमवाल्यांचे सर्व्हर, यांपैकी कुठेतरी एका जागी गाडी अडलेली असते. ती जागा आधी शोधायची, मगच हात लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा), फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी भिंत) आणि राउटर तिन्ही एकदम बदलले आणि गेम सुरू झाला, तरी कशानं झाला ते कळत नाही. महिन्याभरानं तीच एरर आली की पुन्हा पहिल्यापासून.

लॉगिन वेगळं, मॅच वेगळी

गेम उघडल्यावर दोन निरनिराळी कामं होतात आणि ती बहुतेक वेळा निरनिराळ्या सर्व्हरवर होतात. पहिलं लॉगिन. ते एखाद्या वेबसाइटवर जाण्यासारखंच असतं, म्हणजे एचटीटीपीएस, टीसीपीचं ४४३ नंबरचं पोर्ट. (टीसीपी ही पोचल्याची खात्री करत डेटा पाठवायची पद्धत, पोर्ट म्हणजे यंत्राचं नंबर दिलेलं दार.) दुसरी प्रत्यक्ष मॅच. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, बीजीएमआय यांसारखे शूटर मॅचसाठी यूडीपी, म्हणजे खात्रीसाठी न थांबता झटपट डेटा पाठवायची पद्धत, वापरतात. (माइनक्राफ्टची जावा आवृत्ती याला अपवाद. ती टीसीपीवर, २५५६५ पोर्टवर चालते.)

एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी धावपळ वाचते. लॉबी दिसते, मित्रांची यादी दिसते, पण मॅच लागताना ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं? मग पासवर्ड बदलून काही होणार नाही, तुमचं खातं आत पोचलेलं आहे. कॉलेजच्या आणि हॉस्टेलच्या वायफायवर हे हमखास दिसतं: वेबसाइट चालू, व्हॉट्सॲप चालू, मॅच मात्र नाही, कारण तिथल्या ॲडमिननं यूडीपी अडवून ठेवलेलं असतं. तिथे डीएनएस बदलत बसू नका. वॉर्डनशी किंवा ॲडमिनशी बोला, नाहीतर मोबाईल डेटा वापरा.

पहिलं काम: एरर शब्दशः वाचा

फोटो काढून ठेवा, कारण ‘ओके’ दाबलं की खिडकी जाते. ‘एरर आली’ एवढ्या माहितीवर कोणीच मदत करू शकत नाही, पण कोडमध्ये बरंच काही लिहिलेलं असतं.

प्लेस्टेशनवर डब्ल्यूएस-३७४०३-७ आलं तर सोनीचं नेटवर्क देखभालीसाठी बंद आहे, तुम्ही करण्यासारखं काही नाही. डब्ल्यूएस-३७३९७-९ म्हणजे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा आकडी पत्ता) त्यांनी अडवला आहे. हे कसं होतं ते पुढे येईल. व्हॅलोरंटमध्ये व्हॅल ५ म्हणजे तुमच्या खात्यानं दुसरीकडे लॉगिन झालंय. भावाच्या लॅपटॉपवर चालू राहिलं असेल तर ठीक, नसेल तर आधी पासवर्ड बदला.

कोड नसेल तर वाक्य तरी नीट बघा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ यांत मोठा फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे बहुधा तुम्ही समोरच्या मशिनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हतं. मित्रानं माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरूच केला नसेल किंवा पोर्ट चुकीचं दिलं असेल. टाइम्ड आउट म्हणजे पलीकडून काहीच उत्तर आलं नाही: पत्ता चुकला, फायरवॉलनं गिळलं किंवा वाट तुटली. रिफ्यूज्ड असेल तर मित्राला फोन करा, टाइम्ड आउट असेल तर पुढे वाचा.

दुसरं: त्यांचंच बंद आहे का

२० ऑक्टोबर २०२५ ला, नरक चतुर्दशीच्या दुपारी, फोर्टनाइट आणि रोब्लॉक्समध्ये जगभर लोकांना शिरता येत नव्हतं. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात एका डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद रिकामी झाली होती, आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं एकामागोमाग कोसळलं. त्या दुपारी ज्यांनी राउटर फॅक्टरी रीसेट केला, त्यांना गेम तर मिळाला नाहीच, वर नेटचं युजरनेम-पासवर्ड शोधत बसावं लागलं. सुट्टीच्या दिवशी केबलवाला फोन उचलत नाही ते निराळंच.

म्हणून आधी गेमचं स्टेटस पेज उघडा. रायट, एपिक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स सगळ्यांची आहेत. पण कंपन्या तिथे लाल दिवा लावायला वेळ घेतात, त्यामुळे डाउनडिटेक्टर ही लोकांच्या तक्रारी मोजणारी साइटही बघा. तिथे आलेख एकदम वर गेलेला दिसला तर फोन ठेवा आणि जेवून घ्या. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाची नेहमीची देखभाल मंगळवारी अमेरिकेतल्या दुपारी होते, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची मध्यरात्र उलटल्यावर. त्या वेळी लॉगिन तुटलं तर थोड्या वेळानं आपोआप परत येतं.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा: तो गेम भारतात चालू आहे का? पबजी मोबाईलच्या मूळ आवृत्तीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, गरेना फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. अजूनही कुठूनतरी एपीके (ॲपची फाइल) आणून, व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारं ॲप) लावून त्या चालवणारे आहेत आणि लॉगिन का होत नाही म्हणून विचारतात. त्याला दुरुस्ती नाही. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्सवर या. पैसे लावून खेळायची रमी वगैरे ॲप ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर बंद झाली, त्यात तुमच्या नेटचा काही दोष नाही. अडकलेली शिल्लक काढायची असेल तर त्या ॲपच्या अधिकृत मदतकेंद्राशीच बोला. ‘पैसे काढून देतो’ म्हणत फोन करणारा चोर समजा.

तिसरं: हॉटस्पॉट लावून बघा

सगळ्यांत उपयोगी चाचणी हीच आणि तिला दोन मिनिटं लागतात. पीसी, लॅपटॉप किंवा कन्सोल फोनच्या हॉटस्पॉटवर टाका. फोनवरचा गेम असेल तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर चालवा. आत शिरता आलं तर घोळ घरच्या नेटमध्ये. तीच एरर आली तर घोळ खात्यात किंवा यंत्रात.

मात्र दोन पथ्यं. घरचं फायबर आणि फोनचं सिम एकाच कंपनीचं असेल तर पुढची वाट बहुतेक एकच असते आणि चाचणीतून काही सिद्ध होत नाही. शेजारच्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम मागा. आणि पीसी हॉटस्पॉटला जोडण्याआधी स्टीममधली डाउनलोड थांबवा आणि विंडोजचं अपडेट थांबवायला त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ चालू करा. नाहीतर दिवसाचा दोन जीबी डेटा मॅच लागायच्या आत संपतो.

हॉटस्पॉटवरही तीच एरर: खातं आणि यंत्र

घड्याळापासून सुरुवात करा. कोणी घड्याळाकडे बघत नाही, पण लॉगिन करताना तुमचं यंत्र सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतं आणि त्या प्रमाणपत्राला मुदतीच्या तारखा असतात. पीसीला आज २०१९ साल वाटत असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. लॉगिनची खिडकी पांढरी राहते किंवा ‘सुरक्षित कनेक्शन होऊ शकलं नाही’ असं काहीतरी येतं. स्टीम गार्डचे किंवा ऑथेंटिकेटर ॲपचे कोडही वेळेवरूनच तयार होतात आणि दर ३० सेकंदांनी बदलतात. फोनचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. विंडोजमध्ये ‘डेट अँड टाइम’मध्ये जाऊन वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. फोनवरही वेळ नेटवर्कवरून घेऊ द्या. कँडी क्रशसारख्या गेममध्ये लाइफ मिळवायला फोनची तारीख पुढे ढकलणाऱ्या मंडळींनी हे विशेष वाचावं.

वेळ नीट केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडली, तर मदरबोर्डवरचा सेल गेलाय. जुन्या असेंबल्ड पीसीत हे नेहमी होतं. लाइट गेली किंवा रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की घड्याळ मागे जातं. कॅबिनेट उघडा, पाच रुपयांच्या नाण्याएवढा चपटा चकचकीत सेल दिसेल, त्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं. घड्याळवाल्याकडे, किराणा दुकानातही मिळतो. पॉवर केबल काढून, बाजूची छोटी पट्टी नखानं सरकवली की जुना सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. मग बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तारीख भरा. तिथल्या बाकीच्या सेटिंगही मूळ स्थितीला गेलेल्या असू शकतात, त्याही एकदा बघून घ्या.

घड्याळ ठीक असेल तर पाळी खात्याची. इथे सगळ्यांत जास्त वेळ खाणारी गोष्ट साधी आहे: चुकीचं बटण. दोन वर्षांपूर्वी फेसबुकनं लॉगिन केलं होतं, आज गूगलनं केलं, आणि समोर लेव्हल एकचं नवं कोरं खातं. मग ‘माझा आयडी उडाला’ म्हणून रडारड. आयडी उडालेला नसतो. लॉगआउट करून दुसरं बटण दाबून बघा, दुसरा ईमेल बघा.

गेस्ट म्हणून खेळत असाल तर मात्र खरंच सावध राहा. गेस्ट खातं बहुधा त्या फोनलाच बांधलेलं असतं. सेटिंगमध्ये ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ अशी दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. कॅशे बिनधास्त साफ करा. डेटा साफ केला तर गेस्ट खातं कायमचं जाऊ शकतं. गेम चालू असतानाच ते गूगलशी किंवा फेसबुकशी जोडून घ्या.

‘टू मेनी अटेम्प्ट्स’ अशा अर्थाचं काही आलं असेल तर थांबा. प्रत्येक नवा प्रयत्न ती बंदी लांबवू शकतो. तासभर हात लावू नका, मग एकदाच, नीट टाइप करून प्रयत्न करा. फोनवर लॉगिनचं पान पांढरंच राहत असेल, तर प्ले स्टोअरवरून क्रोम आणि ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ अपडेट करा. फेसबुक-गूगलची ती छोटी खिडकी त्यांच्यावरच उघडते. ओटीपी येत नसेल तर मेसेजची जागा भरली आहे का आणि स्पॅमच्या कप्प्यात काही गेलंय का ते बघा.

मुलांच्या खात्यांचा घोळ आई-बाबांना लवकर सापडत नाही. माइनक्राफ्ट आता मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरच चालतं. जुनी मोजांग खाती हलवायची मुदत सप्टेंबर २०२३ मध्येच संपली. मुलाची खरी जन्मतारीख टाकून खातं काढलं की ते बालखातं होतं आणि त्यात ऑनलाइन खेळणं बंद असू शकतं. ‘मल्टिप्लेअर इज डिसेबल्ड’ असं दिसलं तर नेट बघू नका. पालकांच्या खात्यातून एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जा आणि ऑनलाइन खेळायची परवानगी द्या. ‘इनव्हॅलिड सेशन’ आलं तर लाँचर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

व्हॅलोरंटवाल्यांसाठी थोडं सविस्तर. विंडोज ११ वर व्हॅन ९००१ किंवा ९००३ आलं तर व्हॅनगार्ड नावाची त्यांची अँटी-चीट यंत्रणा टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) मागते आहे. नेटचा काही संबंध नाही. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकोनात एमएसइन्फो३२ टाइप करा. (इथल्या सगळ्या कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत.) उघडलेल्या यादीत ‘बायोस मोड’ बघा. तिथे यूईएफआय असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू करा. टीपीएमचं नाव इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम असतं. पण तिथे ‘लेगसी’ लिहिलेलं असेल तर हात आवरा. तशा पीसीत डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि नुसतं बायोसमधलं बटण बदललं की विंडोज उघडतच नाही. आधी बॅकअप घेऊन डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला शिवूच नका. यूट्यूबवरच्या तीस सेकंदांच्या ‘फिक्स’मध्ये हे सांगत नाहीत, आणि मग पोरं बंद पडलेला पीसी उचलून दुकानात नेतात.

हॉटस्पॉटवर चाललं: आता घरचं नेट

भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाहीये: वायर कुठेतरी तुटली, दुमडली किंवा उंदरानं कुरतडली. केबलवाल्याला फोन करा, ‘एलओएस लाल आहे’ एवढंच सांगा. तो मग राउटर बंद-चालू करायला सांगत नाही, थेट माणूस पाठवतो.

दिवे ठीक असतील तर पायरी-पायरीनं पिंग करा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाइप करा. ‘डीफॉल्ट गेटवे’समोर दिसेल तो तुमचा राउटर, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसंच काहीतरी. पिंग, स्पेस, उणे चिन्ह आणि टी, स्पेस, मग तो पत्ता. मिनिटभर चालू द्या. लॅन केबलवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं, वायफायवर दोन ते पाच. इथेच मधूनमधून ८०, १५० असे आकडे उसळत असतील किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर नेट कंपनीला शिव्या देऊ नका, दोष तुमच्या वायफायचा आहे. लॅन केबल लावा. ती शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय निवडा, २.४ गिगाहर्ट्‌झवर अख्ख्या इमारतीचे राउटर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात आणि मायक्रोवेव्हही तिथेच गोंधळ घालतो.

राउटरपर्यंत सगळं शांत असेल तर तसंच पिंग १.१.१.१ ला (क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला) करा. इथे तुटलं तर कंपनीचा दोष. हेही चाललं आणि तरी लॉगिन होत नाही, तर डीएनएस बघा. नेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर गेमच्या लॉगिनचा पत्ताच देत नसेल, तर सगळं इंटरनेट चालू असूनही तेवढं दार सापडत नाही. पीसीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका, मग आयपीकॉन्फिग लिहून स्पेस देऊन तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस टाइप करा, म्हणजे जुने पत्ते पुसले जातील. फोनवर उलटं बघा. ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कधीकाळी जाहिराती रोखायला काही भरून ठेवलंय का? त्यातले काही गेमचे लॉगिन सर्व्हरही जाहिरातीच समजून रोखतात. ‘ऑटोमॅटिक’ करून पाहा.

डीएनएसनंही फरक पडला नाही आणि लक्षण विचित्र असेल, म्हणजे पिंग उत्तम, यूट्यूब सुरळीत, पण एक ठरावीक लॉगिन पान फिरतच राहतं, तर मला पहिला संशय एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, येतो. स्थानिक केबलवाल्यांची नेटं पुष्कळदा पीपीपीओई पद्धतीची असतात, जिथे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो. साध्या नेटवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. पीपीपीओई आपले ८ बाइट घेतं, उरतात १४९२. मोठं पॅकेट आलं की ‘हे मावत नाही, लहान कर’ असा निरोप परत जायला हवा. वाटेत कोणी तो निरोपच अडवला तर लहान पॅकेटं जातात, मोठी गुपचूप गायब होतात. लॉगिनच्या वेळी प्रमाणपत्रं आणि टोकन अशी मोठी पॅकेटं ये-जा करतात, म्हणून नेमकं तिथेच अडतं. पिंगची पॅकेटं इवलीशी असल्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही.

तपासायला पिंगनंतर उणे एफ, मग उणे एल, मग १४६४ आणि शेवटी १.१.१.१ लिहा. १४६४ मध्ये पॅकेटवरचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. उत्तर आलं तर ठीक. मग १४६४ च्या जागी १४७२ टाका. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं दिसलं तर घाबरू नका, निरोप पोचतोय. नुसतं ‘टाइम्ड आउट’ आलं तर पॅकेट गिळलं जातंय. मग १४६४ पासून आकडा दहा-दहानं कमी करत जा. ज्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवा आणि ती बेरीज राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) सेटिंगमध्ये एमटीयू म्हणून भरा. बेरीज १४९२ च्या खाली जात असेल तर केबलवाल्यालाही कळवा, त्याच्या बाजूला आणखी काही गुंडाळलेलं आहे.

एकच आयपी, शेकडो गिऱ्हाईक

सोनीनं आयपी अडवला, पण तुम्ही तर काहीच केलं नाही. असं होतं, कारण आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर अपुरे पडल्यामुळे मोबाईल आणि ब्रॉडबँड कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्या पत्त्यावरच्या दुसऱ्या कोणी उचापती केल्या तर दार तुमच्यासाठीही बंद. राउटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा. तो १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, किंवा तो १० पासून सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात.

कन्सोलवर ‘नॅट टाइप ३’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ दिसण्याचं, पार्टी चॅटमध्ये एकाचाच आवाज न येण्याचं आणि घरून माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवला तर मित्रांना न सापडण्याचं कारणही पुष्कळदा हेच. राउटरमध्ये यूपीएनपी (गेमला लागणारं पोर्ट आपोआप उघडून देणारी सोय) चालू करून बघा. पण सीजीनॅट असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगवरचे व्हिडिओ पाहून राउटर कितीही उघडा केला तरी पलीकडचं दार कंपनीच्या हातात आहे. मुख्य उपाय दोन: राउटरवर आणि गेममध्ये दोन्हीकडे आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत चालत असेल तर ती, नाहीतर कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता. हॉटस्पॉटची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण मोबाईलचं नेट बहुधा स्वतःच सीजीनॅटमागे असतं.

आत शिरलो, पण मधेच फेकतंय

पिंग चालू ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी गूगल फोटोजवर लग्नाचे व्हिडिओ चढवायला सांगा. १२ चं पिंग ३०० वर गेलं? अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबते आणि तुमची गोळी त्या रांगेत मागे उभी राहते. जास्त स्पीडचा प्लॅन घेऊन हे नेहमी सुटतंच असं नाही. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (वाहतुकीला क्रम लावणारी सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली बांधा, नाहीतर बॅकअप रात्री झोपल्यावर.

पिंग सतत जास्त असेल तर आधी गेममधला सर्व्हर विभाग बघा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, पुण्या-नाशकाहून पिंग एरवी कमीच असायला हवं. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद कोणालाच चुकत नाहीत. प्रत्यक्षात साठच्या आसपास धरा. ‘पिंग वीस करून देतो’ म्हणणारं बूस्टर ॲप इथे थापा मारतंय. फार तर कंपनीची वाट वाकडी असेल तर एखादं चांगलं व्हीपीएन ती थोडी सरळ करू शकतं, तेवढंच. युरोपच्या सर्व्हरवर पिंग अचानक वाढलं तर बातम्या बघा: सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ मुंबईशी जोडलेल्या केबल तुटल्या, तेव्हा इथून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक लांबच्या वाटेनं वळवावी लागली होती.

ट्रेसर्ट (वाटेतला प्रत्येक राउटर ओळीनं दाखवणारी कमांड) चालवून मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले म्हणून तिथेच बिघाड ठरवू नका. पुष्कळ राउटर असल्या प्रश्नांना मुद्दाम उत्तर देत नाहीत. तिच्या पुढच्या ओळींत वेळ नीट दिसत असेल तर सगळं ठीक. ज्या ओळीपासून पुढे शेवटपर्यंत आकडे चढलेले राहतात, ती ओळ महत्त्वाची.

तक्रार कशी लिहायची

‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तिकडून स्पीडटेस्ट करायला सांगतात, आणि ती नेमकी छान येते. त्याऐवजी असं लिहा: रोज रात्री ९ ते ११, लॅन केबलवर, राउटरला पिंग १ मिलिसेकंद, १.१.१.१ ला १०० पैकी १२ पॅकेट गहाळ, दुसऱ्या कंपनीच्या हॉटस्पॉटवर तोच गेम व्यवस्थित. सोबत ट्रेसर्टचा फोटो. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. दाद लागली नाही तर तो नंबर घेऊन कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत ती सोय आहे.

गेमच्या सपोर्टला लिहिताना प्लेअर आयडी, एरर कोड, वेळ (भारतीय वेळ आहे हे नमूद करून), यंत्राचं मॉडेल आणि काय काय करून पाहिलं ते द्या. खातं परत मिळवायचं असेल तर पहिल्या खरेदीची पावती आणि खातं काढताना वापरलेला ईमेल शोधून ठेवा, मालकी सिद्ध करायला ते सगळ्यांत जास्त कामी येतं. सपोर्टचा दुवा गेमच्या आतूनच उघडा. टेलिग्रामवर ‘आयडी रिकव्हरी’ करून देणारे आणि कमेंटमध्ये ‘लॉगिन फिक्स एपीके’ टाकणारे लोक ओटीपी मागतात आणि खातं घेऊन जातात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन तीच आहे.